तळाखालची कमान

१

बंदरावर त्याला सगळे टेस्टर म्हणत. खरं नाव विजेच्या बिलापुरतं उरलं होतं. शर्टाच्या खिशात टेस्टर खोचल्याशिवाय तो घराबाहेर पडत नसे. लग्नाच्या फोटोतही तो खिशातून डोकावतो, आणि बायकोने त्याबद्दल अजून त्याला माफ केलेलं नाही. होड्यांचे रेडिओ, बॅटऱ्या, दिवे, पंप, खाऱ्या हवेने जे जे सडतं ते सगळं त्याच्याकडे येई. अलीकडे मात्र फिश-फाइंडरच जास्त येत. होडीच्या बुडाशी मुठीएवढा सेन्सर, तो पाण्यात आवाज सोडतो, आवाज तळावर आपटून परत येतो आणि पडद्यावर तळाची रेघ उमटते. मधे मासा आला की त्याची छोटीशी कमान.

त्या दिवशी निळ्या होडीचा मालक यंत्र काखोटीला मारून आला तो तणतणतच.

"टेस्टरभाऊ, हे यंत्र आहे की थापाड्या जावई? पडदा माशांनी फुटायला आला म्हणून जाळं टाकलं, तर हातात काय? शेवाळ!"

"कान किती ठेवला होता?"

"कान?"

सेन्सिटिव्हिटीला टेस्टर कान म्हणे. त्याने बटण बघितलं आणि हसला. "पूर्ण वाढवून ठेवलाय तुम्ही. मग ते बिचारं बुडबुड्यालाही मासा म्हणणार आणि गाळालाही मासा म्हणणार. फार ऐकायला गेलं की नको नको ते ऐकू येतं. घरी काय करता तुम्ही?"

"घरी मी ऐकूच येत नाही असं दाखवतो."

"मग इथेही तेच. थोडं बहिरं राहायचं."

प्रत्येक यंत्रासाठी धक्क्यापर्यंत कोण जाणार, म्हणून टेस्टरने घरातच सोय केली होती. पुढच्या खोलीत दुकान, मागे बोळ, बोळाच्या एका बाजूला स्वयंपाकघर आणि दुसऱ्या बाजूला मावशीची खोली. स्वयंपाकघराखाली पाण्याची सिमेंटची टाकी होती, पुरुषभर खोल. फरशीतलं लोखंडी झाकण उचलायचं, तोंडावर काठी आडवी टाकायची आणि सेन्सर वायरीने आत सोडायचा. बायको त्या वायरीवरून ढांगा टाकत स्वयंपाक करी आणि "घर आहे की बंदर?" असं रोज एकदा विचारी.

कान कमी ठेवला तेव्हा पडद्यावर तळाची एक रेघ आली. टाकी जेवढी खोल, तेवढ्यावरच. थोडा वाढवला तर बरोबर दुप्पट खोलीवर दुसरी रेघ.

"अरे बापरे! खाली अजून एक तळ?" मालक दचकला.

"नाही हो. पडसादाचा पडसाद. आवाज तळावरून वर येतो, पाण्याच्या पृष्ठभागावर आपटतो, पुन्हा खाली जातो. यंत्राला वाटतं दुसरा मजला आहे."

मालकाचं समाधान झालं आणि तो पुढच्या खोलीत चहाला बसला. टेस्टरने सवयीने कान शेवटपर्यंत वाढवून बघितला. पडदा ठिपक्यांनी भरला. आणि त्या कचऱ्यात, पहिल्या रेघेच्या खाली आणि दुसरीच्या वर, एक स्वच्छ, रेखीव कमान उमटून गेली.

तो वाकून बघत राहिला. पहिली रेघ म्हणजे टाकीचा तळ. त्याच्याखाली सिमेंट आणि जमीन. बरं, तेही सोडा. सेन्सर काठीला टांगलेला, जागचा न हलणारा. अशा सेन्सरखाली एखादी वस्तू पडून असेल तर सरळ रेघ येते. कमान येते ती एका बाजूने काही आलं, खालून गेलं आणि दुसऱ्या बाजूने दूर झालं, तर. कमान म्हणजे चाल.

त्याने कान कमी केला. कमान गेली.

'गटाराची नळी असेल,' तो मनाशी म्हणाला. 'पाणी वाहत असेल.' घर मावशीच्या नवऱ्याने बांधलं, तेव्हा टेस्टर शाळेत होता. टाकीखाली काय आहे, हे त्याला काय ठाऊक? यंत्राचा कान मध्यावर लावून त्याने मालकाला वाटेला लावलं आणि झाकण बंद केलं. का कोण जाणे, झाकणावर त्याने पिठाचा डबा ठेवला.

२

टेस्टरची आई लवकर गेली, त्याला वाढवलं ते मावशीने. आता तिचे गुडघे गेले होते आणि जग खाटेपासून न्हाणीघरापर्यंत उरलं होतं. पण तोंड शाबूत होतं.

"बाळा, तुझं ते यंत्र बंद कर रे," तिने एका दुपारी हाक मारली. "घटकाभर पाठ टेकू देत नाही मेलं."

"कुठलं यंत्र?"

"तेच ते, पाण्यातलं. टिक, टिक, टिक."

सेन्सर चालू असला की बारीक टिकटिकतो हे खरं. पत्र्यावर नखाने वाजवावं तसा. पण दुकानात त्या वेळी एकही यंत्र चालू नव्हतं. टेस्टरने वायर गुंडाळून तिच्यापुढे नेली.

"हे बघ. प्लग माझ्या हातात आहे."

मावशीने प्लगकडे बघितलं, मग त्याच्याकडे.

"मग कोण वाजवतंय?"

तिने ते घाबरून विचारलं नव्हतं. दाराशी कोण आलंय बघ, असं म्हणावं तसं विचारलं.

"घड्याळ असेल, मावशी."

"घड्याळ त्या भिंतीवर. हे इथून येतं." तिने काठीने खाटेखालची फरशी दाखवली.

तिचं समाधान व्हावं म्हणून टेस्टर गुडघ्यांवर बसला आणि त्याने फरशीला कान लावला. फरशी गार होती, फिनेलचा वास येत होता. आधी काहीच नाही. मग अगदी खोल कुठेतरी एक ठोका. थोड्या वेळाने आणखी एक. आपलीच नाडी कानात वाजते, हे त्याला माहीत होतं. उशीवर डोकं ठेवलं की कुणालाही ऐकू येते.

"काही नाही," तो उठत म्हणाला. "माझंच हृदय."

बोळात आल्यावर त्याने छातीवर हात ठेवला. हृदय धाडधाड उडत होतं. खालचे ठोके मात्र सावकाश होते.

३

पुढच्या काही दिवसांत त्याने तीन वेगवेगळी यंत्रं टाकीत सोडली. एकात कमान आली तर यंत्राचा दोष. सगळ्यांत आली तर दोष यंत्राचा नाही, एवढं कुणीही सांगेल. सगळ्यांत आली. आणि आधी ती पाहायला कान पूर्ण वाढवावा लागे, आता मध्यावर असतानाच दिसू लागली होती.

शेवटी त्याने पंप लावून टाकी उपसली.

"स्वच्छ करायलाच झाली होती," तो बायकोला म्हणाला.

"माडीवरचा पंखा तीन महिने स्वच्छ करायचा राहिलाय, तो नाही दिसला," ती म्हणाली. पण बॅटरी घेऊन तोंडाशी बसली.

टेस्टर शिडीने उतरला. आत ओल्या सिमेंटचा वास, चार भिंती, तळाशी थोडा गाळ. बायकोच्या हातातला प्रकाश भिंतीवरून सरकत होता. त्याने हातोडीने तळ कोपऱ्याकोपऱ्यात ठोकून पाहिला. पोकळी असती तर आवाज बदलला असता. कुठेही बदलला नाही. तळ भरीव होता, दगडासारखा. त्याच्या जिवात जीव आला. हातोडी शिडीच्या पायरीवर ठेवून तो फडक्याने गाळ पुसू लागला, कुठे भेग दिसते का ते बघू लागला. भेगही नव्हती. एवढे दिवस आपण उगाच स्वतःला पिळून घेतलं, असं वाटून त्याला हसूही आलं.

"अहो, बास की आता ठोकणं," वरून बायको म्हणाली. "डोकं उठलं माझं."

टेस्टरचा फडक्याचा हात थांबला. हातोडी पायरीवर होती, तिला हात लावून बराच वेळ झाला होता.

"थांबलो," तो म्हणाला.

"कुठे थांबलात? वाजतंय की अजून."

तो शिडीच्या दोन-दोन पायऱ्या चढत वर आला. बायकोने काय झालं विचारलं तेव्हा, आत गुदमरायला होतं, एवढंच सांगितलं. ते काही खोटं नव्हतं.

४

फिश-फाइंडरला एक सोय असते. आवाज सोडणं बंद करायचं आणि नुसतं ऐकायचं. दोन होड्या शेजारी उभ्या असल्या की एकीचा आवाज दुसरीच्या पडद्यावर ठिपक्यांनी पडतो. मग आपण गप्प बसून बघायचं. तरीही ठिपके आले, तर शेजारी कुणीतरी बोलतंय.

टाकी पुन्हा भरली होती. बायको माडीवर शिवणाचं मशीन चालवत होती, होड्यांच्या ताडपत्र्या शिवायचं तिचं काम. टेस्टरने सेन्सर आत सोडला, आवाज बंद केला आणि कान हळूहळू वाढवत नेला.

पडदा कोरा होता. कोराच असायला हवा होता.

मग एक ठिपका आला, त्याच्या पुढे दुसरा, तिसरा. सारख्या अंतरावर, मशीनवर घातलेल्या टाक्यांसारखे.

त्याने माडीवर हाक मारून मशीन थांबवायला लावलं. घराचा मेन स्विच पाडला आणि यंत्र बॅटरीवर चालवलं. ठिपके तसेच. बंदरातली एखादी होडी? पण बंदर कुठे, ही टाकी कुठे! मधे रस्ते, घरं, कोरडी जमीन. समुद्रातला आवाज चालत येऊन त्याच्या स्वयंपाकघरात शिरेल, असं तर नाही.

त्याने कान कमी केला. ठिपके फिके झाले. हे बरोबर होतं, नियमाला धरून होतं. त्याने श्वास सोडला.

तेवढ्यात, बटणाला कुणी हात लावलेला नसताना, ठिपके पुन्हा गडद झाले.

त्याने कान आणखी कमी केला. ठिपके फिकटले. थोडा वेळ तसेच राहिले, जणू विचार करत होते. मग गडद झाले.

टेस्टरच्या बोटांना हे ओळखीचं होतं. पडद्यावर समोरचं अंधुक झालं की तो स्वतः हेच करी. जरा थांबायचं, डोळे बारीक करायचे, बटण किंचित पुढे सरकवायचं. पलीकडेही कुणीतरी तेच करत होतं.

त्याने कान शून्यावर आणला. शून्यावर यंत्र ठार बहिरं असतं.

ठिपके आले.

५

"घर सोडू या," बायको म्हणाली. सगळं ऐकून तिने एकही प्रश्न विचारला नाही, याचीच टेस्टरला भीती वाटली. "चार दिवस माझ्या भावाकडे जाऊ. मग बघू पुढचं."

"मावशी नाही म्हणते. या घरातून मला उचलूनच न्या, म्हणते."

"म्हणणारच." तिने आवाज खाली आणला. "त्या उत्तर देतात, माहितेय ना तुम्हाला?"

"कुणाला?"

बायकोने नुसतं बोळाकडे बोट केलं.

मावशी खाटेच्या कडेला बसली होती. पाय फरशीवर, हातात काठी. तिने काठीचं टोक फरशीवर एकदा हलकेच आपटलं. मान तिरकी करून ऐकलं. पुन्हा आपटलं.

"मावशी, काय चाललंय?"

"काही नाही रे. कुणी हाक मारली तर ओ द्यावी, एवढंच."

"कोण हाक मारतंय?"

"विचारलं असतं की! पण त्याला कुठे बोलता येतं." ती हसली. दुपारभर एकटी पडून असणाऱ्या म्हातारीला कुणी भेटायला आलं तर ती हसेल, तशी. "आधी कसं सावकाश वाजवायचं. आता घाईला आलंय. ओळख पटली असेल."

टेस्टर दाराच्या चौकटीला धरून उभा राहिला. पाणी खोल असलं की सेन्सर सावकाश टिकटिकतो, कारण एक आवाज परत आल्याशिवाय तो दुसरा सोडत नाही. खोली कमी होत गेली की परतीचा प्रवास लहान होतो आणि टिकटिक भरभर होते. हे तो रोज गिऱ्हाइकांना सांगे. घाईचा आणि ओळखीचा काही संबंध नव्हता.

"मावशी, आज आपण निघायचं."

"कशाला? त्यानं काय वाईट केलंय कुणाचं?"

"माझ्यासाठी चल."

मावशीने बराच वेळ त्याच्याकडे पाहिलं. त्याला ताप आला की ती असंच बघत असे.

"मला दाखव," ती म्हणाली. "तुझ्या त्या टीव्हीत दाखव. खरंच काही वंगाळ असेल तर येते. नसेल तर पुन्हा विषय काढायचा नाही."

६

फायबरच्या होडीला भोक पाडायचं नसलं तर सेन्सर पाण्याच्या पिशवीत ठेवून आतूनच बुडाला टेकवतात. आवाज फायबरमधून आरपार जातो. टेस्टरने तशीच पिशवी बांधली आणि मावशीच्या खाटेशेजारी फरशीवर ठेवली.

"फरशीतून काय दिसणार, डोंबल!" तो मोठ्याने म्हणाला.

बायको दारात उभी होती. खिडकीतून दुपारचं स्वच्छ ऊन येत होतं. रस्त्यावर कुणीतरी स्कूटरला किक मारत होतं आणि ती सुरू होत नव्हती.

पडद्यावर नुसती राखाडी लापशी आली. त्याने कान वाढवला. लापशीत एक काळपट रेघ दिसू लागली. कमान नव्हती. कमान वर येते आणि पुन्हा खाली जाते, ही नुसती वर येत होती. बोटाएवढी जाड होत, सावकाश, पडद्याच्या तळाकडून माथ्याकडे.

"ऐक," मावशी कुजबुजली.

आता ते फरशीला कान न लावताही ऐकू येत होतं. टिक टिक टिक. मग आणखी भरभर. मग इतकं भरभर की मधली जागाच उरली नाही आणि त्याची एक सलग घरघर झाली, मांडीवरच्या मांजरासारखी. स्टुलावरच्या पेल्यातलं पाणी थरथरलं.

आणि एकदम सगळं थांबलं.

पडदा स्वच्छ झाला. रेघ नाही, ठिपका नाही. टेस्टरने कान शेवटपर्यंत वाढवला तरी काही नाही.

"गेलं?" बायकोने विचारलं.

"रागावलं वाटतं," मावशी खट्टू होऊन म्हणाली.

टेस्टर पडद्याच्या माथ्याकडे बघत होता. तिथे नेहमी एक काळा पट्टा असतो. आपल्याच आवाजाने यंत्र क्षणभर बहिरं होतं, त्यामुळे सेन्सरच्या अगदी लगत जे असतं ते त्याला दिसत नाही. तळाची रेघ दिसत नसेल तर दोन कारणं असतात. एक तर काही नाही, नाहीतर ते त्या पट्ट्यात आहे. आणि पट्टा जाड होत होता.

"मावशी, पाय वर घे."

"काय रे?"

"पाय वर घे! आत्ता!"

तिने घेतले नाहीत, म्हणून त्यानेच ते उचलून खाटेवर ठेवले. मग त्याने आणि बायकोने तिला खुर्चीत घातलं, खुर्ची दोन बाजूंनी उचलली आणि बोळातून, दुकानातून, दोनदा चौकटीला आपटत, थेट रस्त्यावर आणली. मावशी ओरडत होती. स्कूटरवाल्याने मान वर करून बघितलं, आणि नवल म्हणजे त्याची स्कूटर तेव्हाच सुरू झाली.

टेस्टरने खुर्ची उन्हात टेकवली.

"माझ्या गोळ्या," मावशी म्हणाली. "छातीच्या. उशीखाली आहेत."

"राहू द्या, नवीन घेऊ," बायको म्हणाली.

पण त्या गोळ्या सहज मिळत नसत, आणि मावशीचा चेहरा पांढरा पडला होता. टेस्टर आत गेला.

खोली होती तशी होती. ऊन, पेला, फरशीवर पिशवी. त्याने उशीखालची डबी घेतली. निघताना बघायचं नाही असं ठरवलं होतं. तरी बघितलं.

पडद्यावर गेल्या काही मिनिटांची नोंद डावीकडे सरकत होती. जाड काळा पट्टा. मग पट्टा बारीक झालेला. त्यानंतर फरशीच्या जेमतेम खाली तीन कमानी, एकमेकींना खेटून, मधली जरा उंच, खुर्चीत बसवून उचललेल्या माणसासारखी. सेन्सर खाली बघत होता आणि टेस्टर, बायको, मावशी ही तिघं तर फरशीच्या वर होती. त्यांचं चित्र त्यात येण्याचं काही कारण नव्हतं.

त्या तीन कमानींनंतर थोडी रिकामी जागा होती. आणि मग चौथी कमान, तिन्हींपेक्षा मोठी, सावकाश.

'चौथा मी,' टेस्टर मनाशी म्हणाला. 'मी परत आलो, तो मी.' पण तो आत्ता आला होता. चौथी कमान कधीच पुरी होऊन पुढे सरकली होती. तिच्यानंतर पडदा कोरा होता.

यंत्राला दिशा कळत नाही, फक्त क्रम कळतो. आधी तिघं. मग एक.

त्याने यंत्र बंद केलं नाही. वायरही काढली नाही.

"काय झालं? काही दिसलं का?" बाहेर बायकोने विचारलं.

"नाही," तो म्हणाला. "खोली रिकामी आहे."

७

त्या घरात ती पुन्हा राहायला गेली नाहीत. सामान बायकोच्या भावाने हमाल लावून आणलं. त्याला किंवा हमालांना काहीही ऐकू आलं नाही. घरात खूप शांत वाटतं, दुपारी झोप छान लागेल, असं भाऊ म्हणाला. काही दिवस त्याच्याकडे काढून त्यांनी बंदरापासून दूर, एका इमारतीत तिसऱ्या मजल्यावर जागा घेतली. टेस्टर आता फक्त बॅटऱ्या आणि दिवे दुरुस्त करतो. फिश-फाइंडर आला तर दुसऱ्याकडे पाठवतो, आणि निळ्या होडीच्या मालकाला हे अजून पटलेलं नाही.

मावशीची तब्येत उलट सुधारली. नवीन डॉक्टर मानवले म्हणायचे. सुरुवातीला ती दुपारी काठीने फरशीवर टकटक करून बघे, मग थांबून ऐके. उत्तर येत नसे. हळूहळू तिने नाद सोडला. रात्री टेस्टरला झोपही लागू लागली.

एकच सवय त्याला जडली. तिघं बाहेर पडली की तो मागे चालतो. आधी बायको, मग तिच्या हाताला धरून मावशी, आणि सगळ्यांच्या मागे, थोडं अंतर ठेवून, टेस्टर. रस्ता ओलांडताना, बसमध्ये चढताना, दुकानाच्या रांगेत, कुठेही. त्यांच्या मागची जागा तो रिकामी राहू देत नाही. बायको आधी हसली, मग चिडली, मग तिने बोलणं सोडलं.

परवा दवाखान्यातून परतताना लिफ्ट बंद होती. मावशीला सांभाळत, प्रत्येक वळणावर दम खात, ती वर चढली. बायकोने कुलूप काढलं, मावशीला आत बसवलं, आणि बघते तर टेस्टर अजून खालच्या वळणावर उभा. एक हात कठड्यावर, पाठ तिच्याकडे, तोंड खालच्या जिन्याकडे.

"अहो," ती वरून म्हणाली, "सारखं मागे काय रेंगाळता? कुणी यायचं राहिलंय का?"

खालचा जिना दुपारच्या उजेडात स्वच्छ, रिकामा दिसत होता. हाताखालचा कठडा बारीक, भरभर टिकटिकत होता. त्याने हात सावकाश उचलला.

"नाही," तो म्हणाला. "सगळे आले."